तांबूच्या भुंकण्याची वही

कुत्रा भुंकायला लागला तेव्हा माझ्या घड्याळात चार वाजून एकतीस मिनिटं झाली होती. मी वही उघडली, तारीख टाकली, वेळ टाकली आणि शेजारच्या फाटकाकडे नजर लावून बसलो. रणभिसे सिस्टरच्या घरात रोज या वेळेला कोण शिरतं, ते आज बघायचंच होतं.

कोणीही शिरलं नाही. इस्त्रीवाला सायकलवरून पुढे गेला, एक म्हैस गेली, बस्स. मागच्या बाजूला मात्र कुत्रा जीव खाऊन भुंकत होता.

"विमल, ऐकतेस ना?" मी आत बायकोला हाक मारली. उत्तर आलं नाही. या वेळेला ती मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत असते, त्या गोंगाटात तिला काय ऐकू जाणार?

चार बावन्नला भुंकणं थांबलं. तेही लिहिलं. पाचच्या सुमाराला विमल चहा घेऊन आली.

"उशीर झाला आज."

"दूध तापत होतं," ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

माझी सव्वीस वर्षं जकात नाक्यावर गेली. शेवटची नऊ इन्स्पेक्टर म्हणून. तिथे माणूस एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे समोरचा काहीतरी लपवतोय. कांद्याच्या पोत्यांखाली साड्यांचे गठ्ठे असतात आणि देवाच्या फोटोमागे सिगारेटची खोकी. ड्रायव्हर फार हसून बोलला की मी आधी ताडपत्री सोडायला लावायचो. निवृत्त झालो, मिरजेतच या कॉलनीत घर बांधलं, पण ही सवय काही पेन्शनीत निघाली नाही. विमल म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी पुजाऱ्याची पिशवी बघाल." ती थट्टेत म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं.

तर हा कुत्रा. तांब्यासारखा रंग म्हणून नाव तांबू. गावठीच, पण छाती भरलेली आणि आवाज असा की टेबलावरचा चष्मा हलावा. एस्तेर रणभिसे या निवृत्त नर्स, एकट्या राहायच्या, सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. आमची घरं भिंतीला भिंत लावून. समोर रस्ता आणि मागे एक अरुंद बोळ, त्यात प्रत्येकाच्या परसाचं पत्र्याचं छोटं फाटक. सिस्टर तांबूला मागे शेवग्याच्या झाडाला बांधायच्या, आणि बाकी सगळा दिवस तो गरीब गाईसारखा पडून असायचा. फेरीवाल्यावर भुंकायचा नाही, पोस्टमनवर नाही, मांजरावरसुद्धा नाही. भुंकायचा तो दुपारी साडेचारला, पंधरा-वीस मिनिटं, ठरल्यासारखा. जो कुत्रा चोरावर भुंकत नाही आणि घड्याळावर भुंकतो, त्याच्या मालकिणीकडे पाणी कुठेतरी मुरतंय हे सांगायला इन्स्पेक्टर लागत नाही.

एकदा त्यांना फाटकाशी गाठलं.

"सिस्टर, तुमच्या कुत्र्याचं काहीतरी बघा. माझं ब्लडप्रेशर वाढतंय."

"तो उगीच भुंकत नाही, भाऊ."

"म्हणजे कशावर भुंकतो?"

त्या बोलणार होत्या. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. दारात विमल उभी होती. सिस्टरनी तोंड मिटलं.

"बघते मी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाक्यावर असा ड्रायव्हर भेटला असता तर मी गाडी बाजूला घ्यायला लावली असती.

मला वाटायला लागलं की ही बाई घरात चोरून दवाखाना चालवते. निवृत्त नर्स, एकटी, मागे बोळ. इंजेक्शनं देत असेल, सलाईन लावत असेल, आणखी नको ते करत असेल. माणसं मागच्या बोळातून येत असणार आणि कुत्रा त्यांच्यावर भुंकत असणार. एके दिवशी भुंकणं सुरू झालं तसा मी उठून चप्पल न घालता परसात गेलो. तांबू साखळीला हिसके देत बोळाकडे तोंड करून भुंकत होता. सिस्टरचं मागचं दार सताड उघडं आणि आत कोणी नाही. आमचं फाटकही उघडंच होतं. वाऱ्याने उघडलं असेल म्हणून मी ते लावून घेतलं आणि पुन्हा व्हरांड्यात येऊन समोरच्या रस्त्यावर नजर ठेवली. घर उघडं टाकून बाई जाते कुठे, हे मी वहीत प्रश्नचिन्ह घालून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात आणखी एक सापडलं. सिस्टरच्या कपडे धुण्याच्या दगडावर आमची पाण्याची बाटली होती. हिरवी, पट्टा असलेली, आमच्या मुलीची, मेधाची, शाळेतली. मेधा हैदराबादला नोकरीला लागून, लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. ती बाटली माळ्यावरच्या ट्रंकेत असायला हवी होती.

"विमल, मेधाची बाटली त्यांच्याकडे कशी गेली?"

ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"मीच दिली असेल."

"दिली असेल म्हणजे? दिलीस की नाही?"

"तुम्ही काय मला नाक्यावर उभं केलंय का?" ती म्हणाली. एरवी ती हे हसून म्हणाली असती. त्या दिवशी तिचे डोळे भरून आले, आणि मी तेही संशयाच्याच खात्यात घातलं.

मग मी त्या दोघींवर नजर ठेवू लागलो. चार वाजता विमल तोंड धुऊन, वेणी घालून, साडी बदलून तयार व्हायची. ही तिची जुनीच सवय, त्यात काही नाही. पण एकदा पाच वाजता चहा आला नाही म्हणून मी मागे डोकावलो तर दोघी परसात भिंतीशी उभ्या. सिस्टरच्या हातात विमलचा हात. विमलच्या पायांना घोट्यापर्यंत धूळ. आणि विमलचं बोलणं माझ्या कानावर पडलं, "ह्यांना सांगू नका, सिस्टर."

छत्तीस वर्षं संसार केलेली बायको शेजारणीला म्हणते ह्यांना सांगू नका. या बाईने माझ्या घरातला माणूस फितवलाय, एवढंच मला कळलं. विमलला मी काही विचारलं नाही. माल कुठे आहे ते कळेपर्यंत ड्रायव्हरला हटकायचं नाही, हा आमचा शिरस्ता होता.

फेब्रुवारीच्या शेवटी मी सोसायटीकडे लेखी तक्रार दिली. रविवारी सकाळी चेअरमन मगदूम सरांच्या गच्चीवर सभा भरली. मगदूम सर हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, तोंडात कायम सुपारी.

"काय वो कुंभोजकर, कुत्र्यासाठी वही घातली म्हणं तुम्ही? माणसानं रिटायर व्हावं, पण एवढं व्हावं व्हय?"

लोक हसले. मी वही उघडली आणि दोन महिन्यांच्या नोंदी वाचून दाखवल्या. सोमवार ते शुक्रवार, साडेचार ते पाच. शनिवारी पावणेअकरा. रविवारी निरंक.

"हे तर शाळेचं वेळापत्रक झालं की," मगदूम सर म्हणाले. "शनिवारी सकाळची शाळा. कुत्रं शिकायला जातंय काय, सिस्टर?"

पुन्हा हशा. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्मी घाव बसला, असं मी समजलो.

"कुत्रा या वेळेलाच का भुंकतो, एवढंच सिस्टरनी सभेला सांगावं," मी म्हणालो. "मागच्या बोळातून कोण येतं ते सांगावं. मग माझी तक्रार नाही."

"कोणी येत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग?"

"भाऊ, तुमच्याशी दोन मिनिटं एकटं बोलायचंय."

"जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला. आमच्यात लपवाछपवी नसते."

त्यांनी ओढणीसारखा पदर खांद्यावर घेतला. "मी शब्द दिलाय कुणालातरी," त्या म्हणाल्या. "सभेला त्रास होत असेल तर नेते तांबूला. शुक्रवारी माझा भाऊ टेम्पो घेऊन येईल. आरगला त्याच्या मळ्यात सोडते."

"घरातलं एकच जित्राब हाय वो त्यांचं," मागून कोणीतरी म्हणालं. पण ठराव झाला. मी सूचक होतो.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला टेम्पो आला. तांबू मागे चढायला तयार नव्हता. सिस्टरनी त्याला उचलून आत ठेवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग त्या माझ्या फाटकाशी आल्या.

"भाऊ, भांडा माझ्याशी पाहिजे तर. पण आज वहिनींना एकटं सोडू नका. मी साडेचारच्या आत परत येते, पण वडापची जीप वेळेवर मिळाली तर."

"आमच्या घरचं आम्ही बघू."

"मागच्या फाटकाकडे लक्ष ठेवा. एवढं ऐका."

जाता जाता बाई मला धमकी देऊन गेली, असंच मला वाटलं. मागच्या बोळातून कोणीतरी येणार, बाईच्या ओळखीची माणसं येणार आणि मला काहीतरी करणार. मी मागचं फाटक नीट लावलं. कुलूप शोधलं, सापडलं नाही. विमल झोपली होती. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो, कारण कोणी यायचं झालं तर आधी रस्त्यावरून बोळाच्या तोंडाशी यावं लागणार होतं, आणि ते तोंड मला तिथून स्वच्छ दिसत होतं. बोळाचं दुसरं तोंड मारुतीच्या देवळाकडे निघतं, हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

साडेचार वाजले. काही आवाज नाही. पावणेपाच वाजले. मी वहीत लिहिलं, "शांतता." दोन महिन्यांत पहिल्यांदा पेपर सगळा वाचून झाला. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

सव्वापाचला चहाची आठवण झाली. हाक मारली. आत गेलो. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, पलंगावर कोणी नव्हतं. परसाचं फाटक उघडं होतं.

तेवढ्यात पुढच्या बाजूला रिक्षा थांबली आणि सिस्टर धावत आल्या. साठीच्या बाईला मी तोवर धावताना पाहिलं नव्हतं.

"वहिनी कुठायत?"

मी मागच्या उघड्या फाटकाकडे बोट दाखवलं.

"किती वेळ झाला?"

"माहीत नाही. मी समोर बसलो होतो."

"स्कूटर काढा," त्या म्हणाल्या.

मी स्कूटर काढली. माझ्या मागे त्या बसल्या आणि कानाशी सांगत राहिल्या. बोळातून डावीकडे, मारुतीपासून सरळ, मोठ्या रस्त्याला लागा. मोठ्या रस्त्याला ट्रकची रांग होती. उसाच्या ट्रॅक्टरांना ओव्हरटेक करत गाड्या सुसाट चालल्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला कुठे गर्दी जमलीय का ते बघत होतो आणि गर्दी दिसू नये म्हणून सगळ्या देवांची नावं घेत होतो.

"रोज मी त्यांना या रस्त्याच्या अलीकडे गाठते," मागून सिस्टरचा आवाज आला. "तांबू भुंकला की निघते. हळू चालतात त्या, त्यामुळे मारुतीपर्यंत सापडतात. आज पलीकडे गेल्या असतील."

"पलीकडे कुठे?"

"मेधाच्या शाळेत. मेधाला आणायला."

माझा हात ब्रेकवर गेला. "मेधा हैदराबादला आहे."

"हे एरवी त्यांना माहीत असतं. शाळा सुटायची वेळ झाली की नसतं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सभेत एकटं बोलायचं म्हणाले होते ना? तुम्ही मला बोलू दिलंत?" पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. "पहिल्या दिवशी त्यांनी मला शपथ घातली, भाऊ. घरी आल्यावर भानावर आल्या होत्या, आपल्याला काय होतंय ते त्यांना कळत होतं. मला म्हणाल्या, ह्यांना सांगू नका. हे माझीपण वही घालतील."

मी गाडी चालवत राहिलो. नाक्यावर आम्ही फक्त आत येणारी गाडी अडवायचो. बाहेर जाणाऱ्या गाडीला बांबू आपोआप वर व्हायचा, तिच्याकडे आम्ही मान वळवून बघतसुद्धा नव्हतो, कारण जकात आत येणाऱ्या मालावर असते. दोन महिने मी त्याच हिशोबाने घरात कोण येतं ते बघत बसलो. कुत्रा ओरडून सांगत होता की कोणीतरी बाहेर चाललंय.

शाळेची जुनी इमारत पाडून तिथे मंगल कार्यालय झालं होतं. मुहूर्त नसल्यामुळे मोठ्या फाटकाला कुलूप होतं. फाटकाच्या पायरीवर विमल बसली होती. बदामी साडी, नीट घातलेली वेणी, मांडीवर हिरवी बाटली. एका पायात चप्पल नव्हती, पण अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मोठा रस्ता तिने कसा ओलांडला, ते मला आजही कळत नाही.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मला रागावायचं होतं आणि रडायचंही होतं. तिने वर पाहिलं. तिला फार आनंद झाला.

"तुम्ही कसे आलात आज? नाक्यावरून सुटी मिळाली?"

"मिळाली," मी म्हणालो.

"बसा मग. सुटेलच आता. तुम्हाला बघून तिला किती बरं वाटेल. रोज विचारते, बाबा कधी येणार न्यायला."

मी पायरीवर बसलो. मेधा त्या शाळेत दहा वर्षं होती आणि मी एकदाही त्या फाटकाशी उभा राहिलो नव्हतो. ड्यूटी होती, हे खरंच आहे. पण ड्यूटी नव्हती तेव्हाही गेलो नव्हतो. आम्ही दोघं कुलपाकडे बघत बसलो. तिने बाटलीचं बूच उघडून मला पाणी दिलं, मी ते प्यायलो.

थोड्या वेळाने सिस्टर पुढे आल्या. "वहिनी, मेधा आज मैत्रिणीबरोबर पुढे गेली. घरी पोचलीसुद्धा असेल."

"होय का? बरं झालं," विमल म्हणाली आणि उठली. हे वाक्य सिस्टर रोज म्हणत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलला सिस्टरजवळ ठेवून मी एकटाच आरगला गेलो. तांबू मळ्यात बैलगाडीखाली पडला होता, समोरच्या भाकरीला त्याने तोंड लावलं नव्हतं. सिस्टरच्या भावाने विचारलं, "आता काय झालं आणि?" मी म्हणालो, "चूक माझी होती, त्याची नाही." टेम्पोत मी त्याच्याजवळ मागेच बसलो. सिस्टरच्या दारात त्याला सोडताना मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण माझ्याने ते झालं नाही. मी नुसतं म्हणालो, "सिस्टर, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "चहा घेऊन जा." वही त्याच दिवशी पाणी तापवायच्या बंबात गेली.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि यातून ती बरी होणार नाही हेही सांगितलं. मागच्या फाटकाला मी कुलूप आणलं होतं, पण लावलं नाही. सोमवारी साडेचारला विमल बाटली घेऊन निघाली तेव्हा मी चप्पल घालून तिच्याबरोबर निघालो. तांबू शेवग्याखाली उभा राहिला, कान टवकारले, विमलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गोल फिरून खाली बसला. भुंकला नाही. आम्ही मारुतीपर्यंत गेलो, तिथे मी सांगितलं की मेधा मैत्रिणीबरोबर पुढे गेली, आणि आम्ही परत आलो.

असे आम्ही चार वर्षं रोज गेलो. शनिवारी पावणेअकराला, रविवारी सुटी. त्या चार वर्षांत तांबू साडेचारला एकदाही भुंकला नाही. मगदूम सर एकदा वाटेत भेटले.

"कुंभोजकर, कुत्रं परत आलं म्हणून मी म्हणत होतो आता ह्यांची नवी वही निघतीया. पण आवाजच नाही की. काय औषध केलंत वो?"

"काही नाही," मी म्हणालो. "त्याचं काम मी करतोय."

विमल गेली त्याला आता पुष्कळ दिवस झाले. तेरावं झालं, मेधा हैदराबादला परत गेली, घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी साडेचार वाजले आणि माझे पाय आपोआप चपलेत गेले. मी मागचं फाटक उघडलं आणि बोळात उतरलो. एकटाच होतो, हे दोन पावलं गेल्यावर कळलं.

तेव्हा तांबू उठला. म्हातारा झाला होता, मागचे पाय धरले होते, तरी साखळी ताणून उभा राहिला आणि माझ्यावर भुंकायला लागला. थांबेचना. सिस्टरचं मागचं दार उघडलं आणि त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कुठे निघालात, भाऊ?"

"कुठे नाही," मी म्हणालो आणि परत फिरलो.